हिरवा दिवा आणि चुकीची गोळी : एका रुग्णालयाच्या संगणकीकरणाचा प्रकरण अभ्यास

तंत्रज्ञानाने समाजाचे भले केले की नुकसान, हा प्रश्न एवढ्या मोठ्या आवाक्यात विचारला की उत्तर हाती लागत नाही. एका बाजूला लसी, वीज, टेलिफोन. दुसऱ्या बाजूला धूर, गेलेली कामे, वाढती पाळत. दोन्ही याद्या खऱ्या असतात आणि वाचून झाल्यावर माणूस होता तिथेच राहतो. म्हणून इथे एकच प्रकरण घेतले आहे. त्यात फायदा आणि हानी एकाच यंत्रणेतून आली, किंबहुना त्या यंत्रणेच्या एकाच गुणातून आली.

रुग्णालयाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. घटनेनंतर नेमलेल्या समितीत मी बाहेरची सदस्य म्हणून बसले होते. औषधांच्या सुरक्षित वापराचा अभ्यास हे माझे काम आहे.

पार्श्वभूमी

रुग्णालय मध्यम आकाराचे, अनेक विभागांचे. औषधांचा सगळा कारभार कागदावर चालायचा. डॉक्टर राउंडच्या वेळी केसपेपरवर औषध लिहायचे, सिस्टर ते औषधांच्या तक्त्यात उतरवून घ्यायच्या, तिथून चिठ्ठी फार्मसीत जायची आणि तिथे ते पुन्हा उतरवले जायचे. एकच औषध तीन माणसे तीनदा लिहीत होती आणि प्रत्येक वेळी चुकायला जागा होती. दशांश चिन्ह पुसट उमटले की १.० चे १० होतात. सारख्या नावांची औषधे घाईच्या अक्षरात एकमेकांसारखी दिसतात. रात्रपाळीत एखादे अक्षर लागेना म्हणून शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरना बोलावून आणणे ही रोजची गोष्ट होती.

हे बदलायलाच हवे होते, आणि संगणक आणण्याचा निर्णय योग्य होता असे माझे आजही मत आहे. त्यामागे भक्कम पुरावाही होता. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालात, तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावतात असा अंदाज मांडला होता. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास आला होता. डॉक्टर औषधे थेट संगणकात नोंदवू लागल्यावर, वेळीच न पकडल्या गेलेल्या गंभीर औषध-चुका तिथे ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. व्यवस्थापनाने संगणकीकरणाचा प्रस्ताव मांडला तेव्हा हेच आकडे पुढे ठेवले होते.

नव्या व्यवस्थेत डॉक्टर ऑर्डर स्वतः संगणकात टाकत. ॲलर्जी, दोन औषधांचा आपसातला विरोध, मात्रा यांची तपासणी प्रणाली आपोआप करी आणि काही खटकले तर सूचनेची खिडकी उघडे. मग ऑर्डर फार्मसीच्या पडद्यावर जाई. वॉर्डात सिस्टर रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा आणि औषधाचे पाकीट स्कॅन करत. रुग्ण, औषध, मात्रा आणि वेळ ऑर्डरशी जुळली की यंत्रावर हिरवा दिवा लागे.

फायदा झालाच. अक्षर न लागण्याचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात संपला. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला त्याच जातीचे औषध लिहिले जाताना प्रणालीने अडवले, आणि असे पुन्हा पुन्हा घडले. एका खाटेवरच्या रुग्णाचे औषध शेजारच्याला देण्याची चूक स्कॅनरने पकडली. ज्यांचा जीव यामुळे वाचला त्यांना ते कळलेही नसेल. पुढचे सगळे वाचताना ही माणसे विसरायची नाहीत, कारण त्यांच्या बाजूने बोलायला समितीसमोर कुणीच येऊ शकत नव्हते.

काय घडले

संधिवाताच्या जुन्या रुग्ण असलेल्या एक वयस्कर बाई पायाच्या जखमेतला संसर्ग वाढला म्हणून रात्री दाखल झाल्या. घरी चालू असलेल्या औषधांत मेथोट्रेक्सेट होते. संधिवातासाठी ही गोळी थोड्या मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पेशींना नव्याने वाढण्यासाठी जे फोलेट लागते, त्याच्या वापरात हे औषध अडथळा आणते. म्हणून ती रोज दिली गेली तर ज्या पेशी सतत नव्या तयार होतात त्यांनाच आधी फटका बसतो: हाडांतला मगज, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर. औषध शरीराबाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. वय झालेल्या माणसाची मूत्रपिंडे मंदावलेली असली की ते साठत जाते. काही मोजक्या कर्करोगांत मात्र हीच गोळी सलग काही दिवस रोज देतात, त्यामुळे 'रोज' ही ऑर्डर मुळातच अशक्य आहे असेही म्हणता येत नाही.

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी घरच्या औषधांची यादी संगणकात घातली. औषध निवडले, मात्रा टाकली. 'किती वेळा' या रकान्यात प्रणालीने आधीच 'रोज एकदा' भरून ठेवले होते. पुढे सूचनांची खिडकी उघडली. वेदनाशामक आणि मेथोट्रेक्सेट एकत्र देऊ नये अशी एक सूचना त्यात होती, बाकीच्या तीन इतर औषधांविषयी होत्या आणि त्यांपैकी एकही कामाची नव्हती. वारंवारतेबद्दल एक अक्षरही नव्हते. डॉक्टरांनी खिडकी बंद केली, 'पुढे' दाबले आणि आपत्कालीन विभागातून आलेल्या पुढच्या रुग्णाकडे वळले.

सकाळी फार्मसीत ही ऑर्डर लांबलचक रांगेत होती. मात्रा नेहमीच्या मर्यादेत होती, पडद्यावर लाल काही नव्हते, मंजूर झाली. वॉर्डात सिस्टरनी पट्टा स्कॅन केला, पाकीट स्कॅन केले, हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले आणि तिसऱ्याही.

तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या मुलीने विचारले, "सिस्टर, आई ही गोळी फक्त रविवारी घेते. इथे रोज का देताय?"

सिस्टरनी ते गंभीरपणे घेतले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्या आजींची मुलगी म्हणते, ही गोळी रोजची नाही." डॉक्टरांनी पडदा उघडून पाहिला. "ऑर्डरमध्ये रोजच आहे, सिस्टर. फार्मसीनेही पास केलीय. सकाळी राउंडला मॅडमना विचारू." सिस्टरनी नोंद करायचा प्रयत्न केला, पण औषधाच्या पानावर शंका लिहायला जागाच नव्हती. 'दिले', 'दिले नाही' आणि 'रुग्णाने नाकारले' असे तीनच पर्याय होते. 'दिले नाही' निवडले की कारण भरण्यासाठी डॉक्टरांचे लॉगिन लागे. मग त्यांनी पुढच्या पाळीला तोंडी सांगितले. पुढच्या पाळीने आणखी पुढे सांगितले. सकाळच्या राउंडपर्यंत ती गोष्ट पोहोचली नाही.

सहाव्या दिवशी बाईंना गिळताना त्रास होऊ लागला. वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टरनी तोंड उघडून पाहिले तर आत सगळीकडे व्रण होते. त्यांनी औषधांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि थेट वरिष्ठ डॉक्टरांना फोन केला. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट धोकादायक पातळीवर उतरलेल्या आढळल्या. गोळी थांबवली, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केले, बाईंना वेगळ्या खोलीत हलवले. त्या वाचल्या. पण जखमेच्या उपचारासाठी आलेल्या त्या बाई कित्येक आठवडे तिथेच राहिल्या आणि घरी गेल्या तेव्हा आधाराशिवाय चालू शकत नव्हत्या.

कुठे बिनसले

समितीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या नजरा निवासी डॉक्टरांकडे होत्या. रकाना न वाचता त्यांनी पुढे दाबले, हे खरेच होते. पण तिथे थांबलो असतो तर फारसे काही हाती लागले नसते.

पहिला प्रश्न होता, तो रकाना 'रोज एकदा'ने कोणी भरून ठेवला? उत्तर शोधायला वेळ लागला. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी प्रत्येक औषधासाठी आधीच भरलेल्या मूल्यांची यादी तयार करून दिली होती. बहुतेक गोळ्या रोज घेतल्या जातात, म्हणून ज्या औषधाबद्दल वेगळे सांगितलेले नाही त्याला 'रोज एकदा' लागू होते. ती यादी संमतीसाठी रुग्णालयाकडे आली होती. त्या वेळी उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती, यादी शेकडो पानांची होती आणि एका विभागप्रमुखांनी तिच्यावर सही केली. संधिवाताच्या डॉक्टरांना ती दाखवली गेली नाही, फार्मासिस्टना नाही आणि सिस्टरना तर नाहीच. या साऱ्या प्रकरणातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू हाच. प्रत्यक्षात तिथे एक वैद्यकीय निर्णय घेतला जात होता, पण त्याला सगळे जण 'सेटिंग' म्हणत होते.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ सिस्टरकडून कळली. त्यांनी जुन्या कागदी तक्त्याचा एक नमुना आणून टेबलावर ठेवला. तक्त्यात दर दिवसाला एक चौकोन असे. आठवड्यातून एकदा द्यायचे औषध आले की सिस्टर पहिल्याच दिवशी बाकीच्या सहा चौकोनांवर पेनाने फुल्या मारून टाकत. मग ड्यूटीवर कोणीही असो, फुली असलेल्या दिवशी गोळी दिलीच जात नसे. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, प्रशिक्षणात शिकवला जात नव्हता. एका सिस्टरने दुसरीला दाखवला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. कागद गेला तेव्हा फुल्याही गेल्या, आणि काही गेले आहे हे कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण 'कागदावर काय काय होते' याची यादी करणाऱ्यांनी छापील रकाने मोजले होते. हाताने मारलेल्या फुल्या छापील नमुन्यात दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट सूचनांच्या खिडक्यांची. डॉक्टरांना दर रुग्णामागे इतक्या सूचना येत की त्या बंद करणे हेच एक काम होऊन बसले होते. हे या एका रुग्णालयापुरते नाही. या विषयावरच्या अभ्यासांचा २००६ साली घेतलेला आढावा सांगतो की औषध-सुरक्षेच्या सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर डावलून पुढे जातात. त्याच्याही आधीचे, अंगावर काटा आणणारे उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्रामुळे किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग झाला आणि त्यांतले काही दगावले. ते यंत्र कामाच्या मध्येच वारंवार अर्थ न लागणारे त्रुटीचे संदेश दाखवी, आणि चालवणारे तंत्रज्ञ सवयीने एक कळ दाबून उपचार पुढे सुरू ठेवत. ज्या संदेशाकडे खरोखर लक्ष द्यायला हवे होते तोही त्याच गर्दीतला एक होता. शिवाय जुन्या यंत्रांत असलेले स्वतंत्र यांत्रिक अटकाव या यंत्रातून काढून टाकले होते, सॉफ्टवेअर सांभाळून घेईल या भरवशावर. आमच्या प्रकरणातल्या फुल्या हाही तसाच एक स्वतंत्र अटकाव होता.

आणि चौथी गोष्ट हिरव्या दिव्याची. स्कॅनर ऑर्डरशी जुळणी करतो. ऑर्डरच चुकीची असेल तर ती चूक तो पूर्ण इमानाने अमलात आणतो. कागदाच्या काळात चुकीची ऑर्डर तीन माणसांच्या हातांतून जाई आणि त्यांपैकी कुणीतरी "हे बरोबर आहे का?" म्हणून थांबे. नव्या व्यवस्थेत डॉक्टरांना वाटले फार्मसी पाहील, फार्मसीला वाटले प्रणालीने पाहिले असेल, सिस्टरना हिरवा दिवा दिसला. उतरवून घेण्यातल्या चुका गेल्या हा मोठाच फायदा. पण उतरवून घेणे हे वाचणेही होते, आणि तेही त्याच्यासोबत गेले. फायदा आणि हानी एकाच गुणातून आली असे मी सुरुवातीला म्हटले, ते यामुळेच.

कोणते पर्याय समोर होते

कागदावर परत जा, अशी मागणी काही ज्येष्ठ डॉक्टरांनी मनापासून केली. समितीने ती नाकारली आणि मला ते पटले. प्रणालीने अडवलेल्या ॲलर्जीच्या घटना नोंदीत दिसत होत्या. परत जाणे म्हणजे त्या रुग्णांना पुन्हा धोक्यात लोटणे.

निवासी डॉक्टरांवर कारवाई आणि सर्वांना नव्याने प्रशिक्षण, हा पर्याय व्यवस्थापनाला सोयीचा होता. त्यावर बरीच चर्चा झाली. मी एकच प्रश्न विचारला: उद्या दुसरे डॉक्टर, तसेच थकलेले, तीच खिडकी, तोच रकाना; मग काय होईल? याला कुणाकडेच उत्तर नव्हते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो तिसऱ्या पर्यायावर. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने सुचवले की सूचनांची पातळी सर्वोच्च करू, म्हणजे काहीच सुटणार नाही. ऐकायला हे सर्वांत सुरक्षित वाटत होते आणि बैठकीतले निम्मे लोक लगेच तयार झाले. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरे: उद्या काही झाले तर 'सूचना दिली होती' असे म्हणता येईल. या ठिकाणी फार्मसीप्रमुख ठाम उभ्या राहिल्या. "सर, आत्ताच डॉक्टर सूचना वाचत नाहीत. आपण आणखी वाढवल्या तर त्या फक्त आपल्या बचावाला उरतील, रुग्णाच्या नाही," असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या तर हाच पर्याय मंजूर झाला असता, अशी माझी खात्री आहे.

चौथा पर्याय कष्टाचा होता. आधीच भरलेली मूल्ये एकेक करून तपासायची, निरुपयोगी सूचना काढून टाकायच्या, मोजक्या औषधांसाठी ओलांडता न येणारा अडथळा ठेवायचा, आणि सिस्टरना थांबवण्याचा अधिकार द्यायचा. यातला शेवटचा भाग काही डॉक्टरांना रुचला नाही. सिस्टरनी ऑर्डर थांबवायची तर जबाबदारी कोणाची, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप पोकळ नव्हता. उशिरा दिलेले प्रतिजैविकही जीव घेऊ शकते. शेवटी तडजोड अशी ठरली की थांबवलेली ऑर्डर ठरावीक वेळेत डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून निकाली काढायची, आणि तातडीच्या औषधांची एक यादी यातून वगळायची.

याच टप्प्यावर आम्ही बाहेरचे अनुभवही तपासले. पिट्सबर्गमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात अशी प्रणाली घाईने लागू झाल्यानंतरच्या महिन्यांत, विशेष उपचारांसाठी बाहेरून आणलेल्या बालरुग्णांतले मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले होते. तिथे रुग्ण प्रत्यक्ष येऊन नोंदणी होईपर्यंत औषधांच्या ऑर्डरच टाकता येत नव्हत्या; पूर्वी रुग्ण वाटेत असतानाच तयारी सुरू होत असे. पुढच्याच वर्षी सिएटलमधल्या मुलांच्या रुग्णालयाने आपला अनुभव मांडला. प्रणाली तीच होती, पण आधी भरपूर तयारी केलेली, आणि तिथे मृत्यू वाढले नाहीत. हे दोन अभ्यास शेजारी ठेवल्यावर बैठकीतला सूर बदलला. तोवर वाद 'संगणक हवा की नको' असा चालला होता. त्यानंतर तो 'कसा बसवला' याकडे वळला.

काय केले

सॉफ्टवेअरमधला बदल व्हायला काही महिने लागणार हे स्पष्ट होते. त्यामुळे त्याच दिवशी मेथोट्रेक्सेटचा साठा सर्व वॉर्डांतून काढून घेतला. गोळी फक्त फार्मसीतून, एका वेळी एकाच आठवड्याची मिळेल, आणि देण्यापूर्वी फार्मासिस्ट वॉर्डात फोन करून वार विचारेल, असे ठरले. ही साधी उपाययोजना सर्वांत जलद होती, आणि पुढे सॉफ्टवेअर बदलल्यावरही ती तशीच चालू ठेवली.

सॉफ्टवेअरमध्ये या औषधासाठी आधीच भरलेले मूल्य 'आठवड्यातून एकदा' असे केले आणि वार निवडल्याशिवाय ऑर्डर पुढे जाणार नाही अशी सोय केली. रोजची ऑर्डर हवी असेल तर कर्करोगाचे निदान नोंदवावे लागते, नाहीतर अडथळा ओलांडता येत नाही. हे आम्ही शोधून काढले नाही. औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेने २०१४ पासून नेमकी हीच शिफारस केलेली आहे. म्हणजे उपाय उपलब्ध होता, लेखी होता, आणि तरी तो या रुग्णालयापर्यंत पोहोचला नव्हता. मला याचे फार वाईट वाटते. तंत्रज्ञान एका रुग्णालयातून दुसऱ्यात काही महिन्यांत जाते. त्याच्यामुळे झालेल्या इजेतून मिळालेले शहाणपण मात्र त्या वेगाने प्रवास करत नाही, कारण ते विकून कुणाला काही मिळत नाही.

सूचनांच्या यादीवर फार्मासिस्ट, दोन निवासी डॉक्टर आणि एक सिस्टर असा गट बसला. ज्या सूचना जवळपास प्रत्येक वेळी डावलल्या जात होत्या त्या त्यांनी एकेक करून पाहिल्या आणि बऱ्याचशा बंद केल्या. प्रत्येक बंद केलेल्या सूचनेखाली कारण आणि नाव लिहिले. 'ही बंद केली आणि उद्या काही झाले तर?' या भीतीने हे काम अनेक ठिकाणी कोणी हातात घेत नाही. इथे घेतले गेले, याचे श्रेय त्या चौघांना आहे.

औषधाच्या पानावर 'थांबवा, शंका आहे' हा पर्याय आला आणि त्याला डॉक्टरांचे लॉगिन लागत नाही. रुग्ण दाखल झाल्यावर घरची औषधे फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलून पडताळायची, हेही ठरले. त्यात एक प्रश्न ठरवून विचारला जातो: यांतली कोणती गोळी तुम्ही रोज घेत नाही?

कुटुंबाला काय सांगायचे, हा वेगळा निर्णय होता आणि तो सोपा नव्हता. 'औषधाची तीव्र प्रतिक्रिया' एवढेच सांगावे, असा सल्ला काहींनी दिला. वैद्यकीय संचालकांनी तो मानला नाही. त्यांनी मुलीला बोलावून सगळा क्रम सांगितला, तिने तिसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न बरोबर होता हे सांगितले आणि माफी मागितली. पुढच्या उपचारांचा भार रुग्णालयाने उचलला.

परिणाम

त्यानंतर या औषधाची तशी घटना तिथे घडलेली नाही. पण ही चूक मुळातच दुर्मीळ आहे, त्यामुळे केवळ ती घडली नाही यावरून उपाय यशस्वी ठरले असे मी म्हणणार नाही. दिसणारा बदल वेगळा आहे. सूचना कमी झाल्यावर डॉक्टर त्यांच्याबद्दल फार्मसीला फोन करून विचारू लागले. पूर्वी असे फोन जवळजवळ येतच नसत.

'थांबवा' हा पर्याय सुरुवातीला कुणीच वापरला नाही. डॉक्टर रागावतील ही भीती होती. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी राउंडमध्ये सगळ्यांसमोर "सिस्टर, तुम्ही थांबवलीत ते बरं झालं" असे म्हटल्यावर तो हळूहळू रुळला. थांबवलेल्या ऑर्डरींपैकी बऱ्याच बरोबरच निघतात, आणि त्यामुळे होणाऱ्या उशिराबद्दल आजही कुरबुरी आहेत. माझ्या मते ही किंमत योग्य आहे. पण ती किंमत आहे हे मान्य करायला हवे.

काही गोष्टी सुधारल्या नाहीत. डॉक्टरांचा पडद्यासमोरचा वेळ घटलेला नाही. नव्याने आलेल्या डॉक्टरांनी कागदी तक्ता पाहिलेलाच नाही; प्रणाली बंद पडली की त्यांना मात्रा आणि वेळा हाताने मांडणे अवघड जाते. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वयंचलित कारखान्यांबद्दल लिहिताना हेच नेमके टिपले होते: यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि अवघड प्रसंग माणसासाठी ठेवते, आणि त्या प्रसंगासाठी लागणारा सराव मात्र माणसाला उरत नाही. रुग्णालयाने आता ठरावीक काळाने एका पाळीपुरता कागदावर काम करण्याचा सराव ठेवला आहे. तो सगळ्यांना कटकटीचा वाटतो.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात एकाच वॉर्डात करायला हवी होती. आणि त्यासाठी सोपा वॉर्ड निवडायला नको होता. संधिवात, मूत्रपिंड, वृद्ध रुग्ण यांचा वॉर्ड घेतला असता तर 'बहुतेकांना लागू' पडणारी मूल्ये कुठे तुटतात ते लगेच दिसले असते. अशा मूल्यांची हानी सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्यांचे शरीर, वय किंवा औषध सरासरीत बसत नाही त्यांच्यावर ती सगळी एकवटते. प्रणालीचा फायदा मोजताना सगळ्यांची सरासरी काढली गेली आणि त्या सरासरीत ही माणसे दिसेनाशी झाली.

सिस्टरना विचारायला हवे होते, आणि ते 'नवी प्रणाली कशी वाटते?' असे नव्हे. छापील नमुन्यात नसलेले तुम्ही हाताने काय काय करता, हे विचारायचे होते. फुल्या तिथेच सापडल्या असत्या. फिलाडेल्फियातल्या एका शिक्षण-रुग्णालयात संशोधकांनी याच पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी बोलून आणि त्यांच्या मागे फिरून, अशा प्रणालीमुळे संभवणाऱ्या चुकांचे २२ प्रकार शोधले होते. तो अभ्यास २००५ चा आहे. व्यवस्थापनाच्या प्रस्तावात बॉस्टनचे ५५ टक्के होते. हे २२ प्रकार नव्हते.

हानी मोजण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. अडवलेल्या ॲलर्जी प्रणाली आपोआप मोजत होती, म्हणून दर महिन्याच्या अहवालात फायदा दिसे. तिसऱ्या दिवशी मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मात्र कुठलाच रकाना नव्हता. वर्षभर हा अहवाल पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होते की सगळे चांगलेच चालले आहे.

आणि उद्घाटनाची तारीख. ती पुढे ढकलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्यापैकी कुणीही औषधांच्या मूल्यांची यादी वाचणार नव्हता, आणि ज्यांनी ती वाचली असती त्यांच्याकडे तारीख हलवण्याचा अधिकार नव्हता. नव्या खरेदीच्या नियमांत आता एक कलम घातले आहे: फार्मसीप्रमुख आणि परिचर्याप्रमुख या दोघींची लेखी संमती असल्याशिवाय कोणतीही प्रणाली रुग्णांवर वापरायला सुरुवात होणार नाही. हे कलम अजून कसोटीला लागलेले नाही. मात्रा स्वतः सुचवणारी एक नवी प्रणाली विचाराधीन आहे, तेव्हा ते कळेल.

एक काम मात्र अर्धवट आहे. घरी सोडताना दिली जाणारी औषधांची छापील यादी वेगळ्या प्रणालीतून निघते, आणि त्या प्रणालीत मेथोट्रेक्सेटसमोर अजूनही 'रोज एकदा' आपोआप भरले जाते. पुरवठादार वेगळा आहे, दुरुस्तीची मागणी नोंदवलेली आहे. तोपर्यंत फार्मासिस्ट प्रत्येक पाकिटावर गोळीचा वार स्वतःच्या हाताने लिहितात आणि रुग्णाकडून तो वार मोठ्याने म्हणवून घेतात.